एकतीस नंबरचं उत्तर

विद्ये,

सगळे मला सांगतायत, आता शांत हो. तुझा भाऊ प्रदीप सांगतो, शेजारच्या बायका सांगतात, आमचे हे तर चहाचा कप हातात घेता घेता सांगतात. मी होणार नाही. शांत होण्याचं काम तू एकटीने उरकलंयस, दोघींच्या वतीने तेवढं पुरे आहे. तू कशाने गेलीस, दवाखान्यात काय काय झालं, शेवटी काय बोललीस, यातलं काहीही मी इथे लिहिणार नाही. ते विचारायला येणारे पुष्कळ आहेत आणि प्रदीप ते सगळ्यांना त्याच त्या शब्दांत सांगतो. पाठ झालंय बिचाऱ्याला.

त्याने तुझ्या फोटोला प्लॅस्टिकच्या फुलांचा हार घातलाय. फोटो तरी कुठला, तर कॉलेजच्या ओळखपत्रावरचा. त्यात तू कुणाला तरी झापून नुकतीच खुर्चीत बसल्यासारखी दिसतेस. मी म्हटलं, अरे हा हार काढ, ती उठून येईल ओढायला. तो म्हणाला, "येऊ दे ना, ताई."

आणखी एक. लहानपणापासून मी तुला "अगं मेले" म्हणत आले. नळावर, जिन्यात, शाळेच्या वाटेवर. तू परळच्या कॉलेजात सर्व्हर सांभाळणारी मॅडम झालीस तरी फोनवर माझं तेच, "अगं मेले, उचल की गं!" आता ते तोंडापर्यंत येतं आणि मी ओठ मिटते. माझा हक्काचा शब्द घेऊन गेलीस तू. पण आज मी भांडायला बसलेय ते त्यावरून नाही. आज चाळीच्या नावावरून बसलेय. तुला यातलं निम्मं ठाऊक आहे, तरी मला पहिल्यापासून सांगू दे. मला माझा राग नीट लावून घ्यायचाय.

सोनूबाईची चाळ, लालबाग. तू एकतीस नंबर, मी बत्तीस. मधली भिंत इतकी पातळ की तुझ्या आईचं कुकरच्या शिट्ट्यांकडे लक्ष नसलं तर माझी आई इकडून ओरडायची, "बंद कर गो, झालो भात!" आपल्या चाळीचा एक रिवाज होता. तो इतका अंगवळणी पडला होता की त्याला रिवाज म्हणतात हे तू दाखवून देईपर्यंत मला सुचलंच नव्हतं. बाहेरचा कुणी पिशवी घेऊन दाराशी आला आणि "परब कुठे राहतात?" म्हणाला, तर त्याला "माहीत नाही" असं उत्तर कधी मिळायचं नाही. तळमजल्यावरचा म्हणायचा, मला नाही ठाऊक, पण दुसऱ्या माळ्यावर सुमनकाकी आहे, तिला विचारा. सुमनकाकी म्हणायची, परब कुठले, गिरणीतले की गोदीतले? गोदीतले असतील तर त्या कोपऱ्यात विचारा. असा तो माणूस जिने चढत, एका घरी पाणी पीत, बरोबर परबांच्या दारात जाऊन उभा राहायचा.

आणि खोल्यांना नावं कुणाची, तर जो पहिल्यांदा राहायला आला त्याची. देसाई मास्तरांची खोली ती मास्तरांची खोली. मास्तर जाऊन तिथे त्यांचा भाचेजावई राहायला लागला, त्याला पोरं झाली, पोरं मोठी झाली, तरी तो आपला मास्तरांच्या खोलीतला जावई. त्या बिचाऱ्याचं आडनाव मला आजही आठवत नाही.

मग चाळ पडली. टॉवर होणार, आपल्याला त्यात घरं मिळणार, तोवर जो तो भाड्याने जिथे परवडेल तिथे. कुणी विरार, कुणी मानखुर्द, कुणी सरळ गावी. तू प्रभादेवीला गेलीस, मी परळला. आणि मग पत्रिका परत यायला लागल्या. परबांच्या मुलीचं लग्न होऊन गेलं आणि निम्म्या चाळीला नंतर कळलं. मास्तरांच्या बहिणीच्या बाराव्याचा निरोप तर आपल्याला बारावं उलटून गेल्यावर मिळाला. तू त्या दिवशी माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून म्हणालीस, "नंदे, हे नाही चालणार. आपल्याला कुणी पत्ता विचारला आणि आपण 'माहीत नाही' म्हटलं, असं कधी झालं होतं का?"

आठवड्याभरात तू चाळीच्या नावाने इंटरनेटवर एक नाव घेतलंस. चाळीचं नाव, मग टिंब, मग 'इन'. मी खूश. म्हटलं, आता झकास वेबसाइट कर. गॅलरीतले फोटो टाकू, गोपाळकाल्याचे टाकू, सुमनकाकीचा तो फुगडीचा फोटो टाकू. तू काय केलंस, तर एक कोरं पान आणि त्यावर एकच ओळ. "चाळ पडली. माणसं आहेत. खोली नंबर विचारा." मी डोक्याला हात लावला. विचारा कुणाला? भिंतीला?

तेव्हा तू लॅपटॉपवर तो काळा पडदा उघडलास. चित्र नाही, बटण नाही, नुसती लुकलुकणारी एक रेघ. तू टाइप केलंस 'डिग', म्हणजे खण, पुढे खोली चौदा, पुढे चाळीचं नाव. एंटर. धडाधड काही ओळी पडल्या आणि त्यात एका ओळीत अवतरणचिन्हांत होतं, "परब. सध्या विरार." इंग्रजी अक्षरांत होतं, कारण देवनागरी लिहिलं तर त्या पडद्यावर आकड्यांची भाजी दिसते, असं तू म्हणालीस.

"हे काय गं?" मी विचारलं.

"चाळच आहे," तू म्हणालीस. "हा पडदा म्हणजे दाराशी आलेला पाहुणा. तो नाव विचारतो. पहिला म्हणतो, मला ठाऊक नाही, त्या 'इन'वाल्यांकडे जा. ते म्हणतात, सोनूबाईच्या चाळीत कोण राहतं ते आम्हाला नाही ठाऊक, पण त्या चाळीचं सगळं कुणाकडे असतं ते ठाऊक आहे, त्याला विचार. तो सांगतो, परब, विरार. आख्खं इंटरनेट असंच चालतं, नंदे. सगळं कुणालाच माहीत नसतं. पुढे कुणाला विचारायचं, एवढंच प्रत्येकाला माहीत असतं."

"एवढंच?"

"एवढंच."

"मग एवढे दिवस त्या कॉलेजात तू पगार कसला घेतेस?" मी म्हटलं, आणि तू मला उशी फेकून मारलीस.

प्रत्येक खोलीचं तू असं एक नाव केलंस आणि त्याला चार शब्द बांधून ठेवलेस. नाव नाहीतर आडनाव, आणि सध्याचं गाव. फोन नंबर नाही, इमारतीचं नाव नाही. "माणसाला गल्लीपर्यंत पोचवायचं," तू म्हणायचीस, "कडी त्याची तो वाजवेल." आणि पहिल्या दिवसापासून मी तुझ्याशी वाद घातला. कोण उघडणार तो काळा पडदा? विरारचे परब? सुमनकाकी? सगळे तुलाच फोन करायचे. "विद्या, तावड्यांचा पत्ता दे गं." तू डिग मारायचीस आणि सांगायचीस. मी म्हटलं, "अगं, मग हा खटाटोप कशाला? फोनमध्ये लिहून ठेव आणि सांग!" तू चष्मा वर सरकवलास आणि म्हणालीस, "फोन हरवतो. मी पण हरवेन. नाव विचारलं की उत्तर आलं पाहिजे, मी असो नसो."

"नसो"वरून मी तुझ्याशी दोन दिवस बोलले नव्हते. आठवतंय ना?

तिसऱ्या दिवशी तू आलीस, सोबत दादरहून आणलेली खरवसाची वाटी, आणि माझ्या लॅपटॉपवर तो पडदा बसवून गेलीस. जबरदस्तीने शिकवलंस. तेव्हापासून रोज सकाळी चहा ठेवला की मी तीन खोल्या विचारते. माझी, तुझी, सुमनकाकीची. काही हवं म्हणून नाही. उत्तर येतंय ना, एवढं बघायचं. हे म्हणतात, "सकाळी सकाळी काय खणत बसतेस?" पण माझ्याने ते केल्याशिवाय पोहे फोडणीला टाकवत नाहीत.

आपला दुसरा वाद मास्तरांच्या खोलीचा. मास्तर जाऊन कितीतरी वर्षं झाली, तो भाचेजावईही गेला, मुलं परदेशात. तरी तू लिहिलेलं, "देसाई मास्तर. लालबाग." मी म्हटलं, काढ ते. मेलेल्या माणसाचा पत्ता कशाला ठेवायचा? तू म्हणालीस, "पत्ता विचारायला येणारा जिवंत असतो ना." मी म्हटलं, "तो लालबागला येऊन काय करेल? खड्डा बघेल?" तू म्हणालीस, "बघू दे की खड्डा." मी म्हटलं, ही काय पद्धत झाली! तू म्हणालीस, "उद्या बोलू." उद्या कसलं, तू दवाखान्यात गेलीस. तो वाद अजून माझ्या बाजूने उभा आहे, विद्ये. मी हरलेले नाही. हे लक्षात ठेव.

आता ज्यावरून मी पेटलेय ते ऐक.

तू हुशार होतीस, पण चाळीतली होतीस. कॉलेजात कुणी पासवर्ड कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवला तर तू त्याची सगळ्यांसमोर चंपी करायचीस. आणि चाळीचं हे नाव घेताना काय केलंस? खातं उघडलंस चाळ मंडळाच्या ईमेलवर. त्या ईमेलचा पासवर्ड आख्ख्या चाळीला पाठ. आपण घराची किल्ली शेजारी ठेवून गावाला जायचो ना, तसंच केलंस तू. नाव तुझं, सही तुझी, आणि किल्ली खिळ्याला टांगलेली. मला विचारशील तर मीही तेच केलं असतं. चाळीतलं माणूस दुसरं काय करणार? पण खिळ्यावरची किल्ली गावडेंना पण ठाऊक होती.

गावडे म्हणजे आपल्या कमिटीचे सेक्रेटरी. माणूस वाईट नाही, हे मी दात ओठ खात लिहितेय. त्यांना घाई आहे. टॉवर उभा राहतोय, घरांच्या चाव्या मिळायच्यात, बिल्डरला दुखवायचं नाही. टॉवरला बिल्डरने असलं काही इंग्रजी नाव ठेवलंय की ते उच्चारताना सुमनकाकीची कवळी निसटते. विकायच्या फ्लॅटांची जाहिरात करायला त्याला आपलं नाव हवं होतं. लालबागमध्ये कुणीही सोनूबाईची चाळ शोधली की सरळ त्याच्या विक्रीच्या पानावर जाऊन पडेल, असं. तू होतीस तेव्हा गावडे तुझ्याकडे आले होते. तू त्यांना चहा पाजलास, बटाटेवडा दिलास आणि नाही म्हणालीस. तू गेल्यावर त्यांनी कुणालाच विचारलं नाही.

रविवार होता. ग्रुपवर गावडेंचा निरोप, हात जोडलेल्या चित्रांसकट. "आपल्या चाळीचे नाव आता नव्या रूपात." मी उघडलं तर स्विमिंग पूल. निळं पाणी, त्यात एक गोरी बाई, आणि वर चाळीचं नाव. मी लॅपटॉप ओढला आणि काळा पडदा उघडला. खोली चौदा विचारली. उत्तर आलं, असं नावच नाही. तावड्यांची खोली. असं नावच नाही. मास्तरांची खोली. असं नावच नाही. विद्ये, चाळीवर हातोडा पडला तेव्हा मी रस्त्यावर उभी राहून बघत होते आणि माझ्या डोळ्यातून टिपूस आलं नव्हतं. त्या दिवशी मी जेवणाच्या टेबलावर हमसून हमसून रडले. हे घाबरून वाटीत पाणी घेऊन आले.

मग मी तुझी खोली विचारली. आणि उत्तर आलं. "विद्या. सध्या प्रभादेवी."

मला कळेना. मग तुझं शिकवलेलं आठवलं. मधल्या वाटेवरचे लोक विचारलेलं उत्तर थोडा वेळ लक्षात ठेवतात, पुन्हा तितक्या लांब जायला नको म्हणून. म्हणजे ज्याचं नाव कुणी नुकतंच विचारलं होतं, तेवढंच उरलं होतं. माझी खोली, सुमनकाकीची आणि तुझी. रोज सकाळी मी विचारते म्हणून. बाकी चाळ गेली होती. उत्तराच्या शेजारी एक आकडा असतो, किती वेळ हे लक्षात ठेवायचं त्याचा. तो दर वेळी खाली खाली जात होता. मी एंटर मारत बसले. प्रभादेवी, प्रभादेवी, प्रभादेवी. आकडा लहान होत गेला. मी देवाला सांगितलं, थांबव. हे म्हणाले, "अगं, काय चाललंय?" मी म्हटलं, "बोलू नका, ती आहे अजून." आणि पुढच्या एंटरला आलं, असं नावच नाही.

असं नावच नाही! तुझं!

दवाखान्यात डॉक्टर बोलले तेव्हा मी मान हलवली होती. स्मशानात मान हलवली होती. या वेळी नाही हलवली. मी पदर खोचला. किल्ली खिळ्याला टांगलेली होती ना, मग ती मलाही ठाऊक होती. मंडळाच्या ईमेलने आत गेले. तुझ्या खांद्यावरून इतके दिवस बघितलेलं सगळं आठवून आठवून केलं, तीनदा चुकले, एकदा सगळंच बंद पडलं आणि मी तुला मोठमोठ्याने शिव्या घातल्या. बिल्डरच्या माणसांनी नाव स्वतःकडे वळवून घेतलं होतं, ते मी परत आपल्याकडे वळवलं. पण खोल्या? खोल्या त्यांनी पुसून टाकल्या होत्या. घासून पुसून, एक नाही ठेवली. तुझ्या लॅपटॉपवर असतील म्हणून प्रदीपला फोन केला. तो रडकुंडीला आला. "ताई, मी तो साफ करून पोरीला दिला गं अभ्यासाला."

मग उरलं काय? सुमनकाकी. मी तिला मानखुर्दला फोन लावला. म्हटलं, काकी, चाळ परत मांडायची आहे, पहिल्या माळ्यावर जिन्याजवळ कोण? काकी म्हणाली, "गो, माका पहिल्या माळ्याचा सगळा म्हायत नाय, पण दुसरो माळो माझो. बाकीचा परबाच्या सुनेक इचार, तिका म्हायत असतला." परबांच्या सुनेने दोन खोल्या सांगितल्या आणि म्हणाली, पुढचं तावडेकाकांना विचारा. तावडेकाका म्हणाले, ते कोपऱ्यातले गोव्याला गेले, त्यांचा नंबर माझ्याकडे नाही, पण त्यांच्या व्याह्यांचा आहे. दिवसभर मी फोनवर. ह्यांनी खिचडी लावली. एका बाईने तर मला ओळखलं नाही, तरी माझं ऐकून घेतलं आणि पुढचा नंबर दिला. विद्ये, ऐकतेयस ना? एकाही माणसाने "माहीत नाही" म्हणून फोन ठेवला नाही. चाळ पाडून इतकी वर्षं झाली आणि एकानेही नाही!

संध्याकाळपर्यंत खोल्या उत्तर द्यायला लागल्या. एकतीस नंबर सोडून. तो मी रिकामा ठेवला, कारण त्यात काय लिहायचं ते मला कळत नव्हतं. मग मी पासवर्ड बदलला. नवा पासवर्ड सुमनकाकीला आणि परबांच्या सुनेला सांगून ठेवलाय. एकटीकडे ठेवायचा नसतो, हे तुझ्यामुळे शिकले. आणि गावडेंना सांगायचा नसतो, हेही तुझ्यामुळेच.

पुढच्याच रविवारी कमिटीची सभा लागली, परळच्या शाळेच्या हॉलमध्ये. लोक विरारहून आले, मानखुर्दहून आले. सुमनकाकी गुडघे धरत आली. गावडे उठले आणि म्हणाले, "नंदाताई, तुम्ही भावनेच्या भरात केलंत, आम्ही समजू शकतो. पण चाव्या मिळायच्यात. बिल्डर क्लबहाऊसला सोनूबाईंचं नाव द्यायला तयार आहे. आणखी काय हवं?"

मी म्हटलं, "गावडेभाऊ, क्लबहाऊसच्या दाराशी कुणी विचारलं, परब कुठे राहतात, तर काय सांगणार? पूल दाखवणार?"

"अहो, पण त्या खोल्या आहेत कुठे आता?"

"माझ्याकडे विचारा ना खोल्या. एकेक विचारा. उत्तर येतंय की नाही बघा."

"ताई, हे सगळं विद्याताईंचं वेड होतं. त्या आता नाहीत."

मी तोंड उघडणार, इतक्यात मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. प्रदीप. तुझा प्रदीप, जो भाजीवाल्यासमोर सुद्धा हळू बोलतो. उभा राहिला. म्हणाला, "नाव माझ्या बहिणीच्या नावावर आहे. वारस मी आहे. मी देणार नाही." आणि बसला. एवढंच बोलला. मला वाटलं, त्याने तुझ्या फोटोचा हार आणखी दहा वर्षं ठेवला तरी चालेल.

त्यावर सुमनकाकी उठली, बसल्या बसल्या बोलता येत असूनही उठली. "गावड्या, तुझा लगीन जमला तेव्हा तुझो सासरो चाळीत पत्तो इचारीत इललो, तेका वर कोणी आणल्यान? मी. आता तू माका स्विमिंग पूल दाखवतस?" सगळे हसले. गावडे पण हसले, घाम पुसत. म्हणाले, "बघतो. बिल्डरला काय सांगायचं ते बघतो." बिल्डर काय करेल, ठाऊक नाही. वकिलाची नोटीस पाठवेल कदाचित. पाठवू दे. नोटीस कुठल्या पत्त्यावर पाठवायची, ते त्याने मला विचारावं. मी सांगेन पुढे कुणाकडे जायचं ते, आणि तोही पुढे सांगेल. फिरू दे त्याला सगळी चाळ.

सभेनंतर आम्ही तिघं शाळेच्या पायरीवर बसलो. मी लॅपटॉप मांडीवर घेतला. एकतीस नंबर अजून रिकामा होता. प्रदीप म्हणाला, "ताई, राहू दे रिकामा. ती नाही तर काय लिहिणार?" विद्ये, तुझ्याशी मास्तरांवरून भांडताना मी हेच म्हणत होते, शब्दाला शब्द. सुमनकाकी त्याच्यावर डाफरली, "विद्याचा नाव काढूचा नाय, सांगान ठेवतंय!"

मी दोघांचंही ऐकलं नाही, आणि तुझंही ऐकलं नाही. "विद्या. प्रभादेवी" मी लिहिणार नव्हते. प्रभादेवीच्या त्या घरात आता दुसरं कुणी राहायला आलंय, दारावर त्यांची पाटी लागलीय, मी बघून आले. कुणी तुला शोधत आलं आणि त्या दारावर जाऊन उभं राहिलं, तर ते घरवाले म्हणतील, माहीत नाही. ते उत्तर तुला मिळू देणार नाही मी. आणि रिकामंही ठेवणार नाही. असं नावच नाही, हे मी एकदा वाचलंय, पुन्हा वाचणार नाही.

तुला कधी म्हटलं नाही, कारण आपल्यात असलं बोलायची पद्धत नव्हती. तू नसतीस तर मी बत्तीस नंबरची एक बाई राहिले असते, दुपारी झोपणारी आणि रात्री मालिका बघणारी. तू मला विचारायला शिकवलंस. एकाने नाही म्हटलं की दुसऱ्याला विचारायचं, दुसऱ्याने नाही म्हटलं की तिसऱ्याला. आता तुझ्याबद्दल कुणाला काही विचारायचं असेल, तुझं हसणं, तुझा खडूसपणा, तुझा खरवस, तर पुढे कुणाकडे जायचं ते मला पक्कं ठाऊक आहे.

मी लिहिलं आणि एंटर मारलं. मग पडदा उघडून, खात्री करायला, एकतीस नंबर विचारला. प्रदीप आणि काकी दोन्ही बाजूंनी वाकून बघत होते. उत्तर आलं, इंग्रजी अक्षरांत, अवतरणचिन्हांत.

"विद्या. नंदाला विचारा."